अंदमानातील एक शंख

आमच्या वार्षिकाच्या मराठी विभागाकरिता काहीतरी लिहून द्यावे, असा विद्यार्थी-संपादकांचा आग्रह दर वर्षी होतो. आणि दर वर्षी आम्ही शुद्धलेखनावर अगर एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्रावर चार पाने लिहून मोकळे होतो. यंदा त्यांनी विषयही नेमून दिला. "सर, आपण दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब अंदमानास जाऊन आलात, त्याचेच वर्णन द्या," असे ते म्हणाले. प्रवासवर्णन लिहिणे आम्हांस जड नव्हते. जड होते ते निराळेच. त्या प्रवासात एक गोष्ट अशी घडली, की ती गाळावी तर लेख खोटा ठरतो, आणि सांगावी तर आमचा कमीपणा आमच्याच विद्यार्थ्यांपुढे उघडा पडतो. बरेच दिवस विचार करून आम्ही दुसरा मार्ग पत्करला आहे. या गोष्टीत आमच्या धाकट्या मुलीचा भाग मोठा असल्याकारणाने तिची परवानगी घेऊनच हे लिहीत आहोत.

आमचे कुटुंब चौघांचे. आम्ही उभयता, नववीत शिकणारा थोरला आणि पाचवीतली धाकटी. शिक्षकाच्या मिळकतीत समुद्रपार जाण्याचा बेत सहज जमणारा नसतो. तीन वर्षे थोडे थोडे बाजूस टाकीत गेलो, तेव्हा कोठे तो पार पडला. अंदमान-निकोबार हा द्वीपसमूह बंगालच्या उपसागरात चेन्नईपासून हजाराहून अधिक किलोमीटरांवर दक्षिणोत्तर पसरला आहे. जहाजाने जाण्यास तीन-एक दिवस लागतात. विमान दोन तासांच्या आसपास पोहोचविते. विमान खाली उतरू लागले तसा खिडकीला नाक लावून बसलेल्या धाकटीने प्रश्न केला, "बाबा, ही झाडे पाण्यात पडत कशी नाहीत?" प्रश्न हसण्यासारखा असला तरी दृश्य तसेच होते. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, आणि डोंगरावरचे रान अगदी लाटांच्या ओठापर्यंत दाटलेले. मध्ये कोठे कोठे वाळूची एक पांढरी रेघ, एवढीच काय ती जमीन मोकळी.

ज्या शहरास आपण भूगोलात पोर्ट ब्लेअर म्हणून शिकत आलो, त्याचे नाव २०२४ सालापासून श्री विजयपुरम् असे झाले आहे. तेथे पहिल्याच दिवशी मुलांची मोठी फजिती झाली. दुपारचा चहा घेऊन फिरावयास निघावे, तो पाचाच्या आतच सूर्य मावळला! आणि पहाटे पाचास डोळे उघडले, तर बाहेर उजाडू लागलेले. थोरल्याला आम्ही कारण शोधावयास सांगितले. त्याने नकाशा पुढे घेतला. आपल्या देशाचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेले. ही बेटे त्र्याण्णवाच्या जवळ, म्हणजे दहा अंश पूर्वेस. एका अंशास चार मिनिटे, म्हणून सूर्य तेथे घड्याळापेक्षा चाळीस मिनिटे पुढे धावतो. वर्गात जे गणित त्याला कंटाळवाणे वाटले होते, तेच तेथे त्याने आपल्या बहिणीला तीनदा समजावून दिले.

सेल्युलर जेल पाहिल्यावाचून त्या शहरातून कोणी मराठी मनुष्य परत फिरत नाही. १८९६ साली तिचे बांधकाम सुरू झाले व १९०६ साली संपले. मध्ये एक मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघालेल्या सात लांबच लांब इमारती, अशी तिची रचना होती. पैकी आज तीनच उभ्या आहेत. एका इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे केलेले असे, ते अशाकरिता, की एका बंदिवानाने दुसऱ्याचे मुखही पाहू नये. गणेश व विनायक हे सावरकर बंधू या एकाच तुरुंगात असूनही एकमेकांस पारखे होते, हे त्या भिंतींकडे पाहिले म्हणजे समजते. थोरल्याने एका कोठडीत जाऊन पावले मोजली; सहा लांब आणि चार रुंद. बाहेर येऊन तो बराच वेळ काही बोलला नाही. नारळाचे तेल गाळण्याचा घाणा बैलाऐवजी माणसाकडून ओढविला जाई, हे ऐकून धाकटीने आमचा हात घट्ट धरला, तो फाटकाबाहेर येईपर्यंत सोडला नाही.

समोरच रॉस बेट आहे. २०१८ पासून त्यास नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात. येथे एके काळी इंग्रज अंमलदारांचे बंगले, नाचघर, प्रार्थनामंदिर असा सारा थाट होता. १९४१ च्या भूकंपाने त्यास तडे गेले, पुढील वर्षी जपानी सैन्य आले, आणि त्यानंतर ती वस्ती पुन्हा बसली नाही. आता वड-पिंपळाच्या जातीच्या झाडांनी भिंतींना मुळांची मिठी घातली आहे. छप्पर नसलेल्या त्या प्रार्थनामंदिरात आम्ही क्षणभर उभे राहिलो. खिडकीच्या कमानीतून एक हरिण आत डोकावून पाहत होते.

शहराबाहेर सिप्पीघाट म्हणून जागा आहे. तेथे पूर्वी शेते होती. आज खारे पाणी आहे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात या भागातील जमीनच खाली बसली, आणि समुद्र जो आत शिरला तो परतला नाही. द्वीपसमूहाच्या उत्तर टोकास याच्या उलट झाले. तेथे जमीन वर उचलली गेली आणि पाण्याखालची प्रवाळे उघडी पडून मेली. एकाच सकाळी एकीकडे शेते बुडाली आणि दुसरीकडे समुद्राचा तळ वाळला, ही गोष्ट मुलांना परीकथेपेक्षा अद्भुत वाटली.

जारवा लोकांच्या राखीव अरण्यातून जाणारा एक रस्ता आहे, व त्या रस्त्याने पुष्कळ प्रवासी चुनखडीच्या गुहा पाहण्यास जातात. मुलांची आई म्हणाली, "आपण नको जाऊ या. माणसे ही काही पाहावयाची वस्तू नव्हे." आम्हांस ते पूर्णपणे पटले. इतकेच नव्हे, तर त्या रात्री आम्ही मुलांना यावर एक लहानसे व्याख्यानही दिले. पाहुण्याने पाहुण्याप्रमाणे वागावे, यजमानाच्या घरातील वस्तूस त्याच्या इच्छेवाचून हात लावू नये, वगैरे वगैरे. हे व्याख्यान आम्ही मुद्दाम नमूद करून ठेवीत आहोत. पुढे त्याचे काम पडणार आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही बोटीने शहीद द्वीपास गेलो. जुन्या नकाशांत यास नील बेट म्हटलेले आढळेल. सुमारे दोन तासांचा प्रवास. वाटेत बोटीच्या बाजूने उडणारे मासे पाण्यातून सुटलेल्या बाणांसारखे निघत आणि बऱ्याच अंतरावर जाऊन पुन्हा पाण्यात शिरत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना या बेटावर जमिनी देण्यात आल्या. त्यांनी येथे भातशेती व भाजीपाला पिकविला, आणि गावांना नावे दिली रामायणातली: रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो ते वृद्ध गृहस्थही अशांपैकीच एका कुटुंबातले. त्यांच्या अंगणात केळी, सुपारी आणि फणस पाहून आमच्या मंडळीस कोकणातील आपल्या मामांच्या परसाची आठवण झाली.

लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर खडकाचा एक नैसर्गिक पूल आहे. लाटांनी खडक खालून कोरून काढल्याने त्याची कमान झाली आहे. तेथे ओहोटीच्या वेळीच जाता येते. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली असल्यामुळे समुद्रास उधाण होते, आणि उधाणाच्या दिवसांत भरती जशी मोठी तशी ओहोटीही मोठी असते. दुपारी साडेतीनच्या सुमारास आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी दूरवर हटले होते आणि प्रवाळांचे पठार पुष्कळसे उघडे पडले होते. बरोबर गावातीलच एक तरुण वाटाड्या होता. त्याने पहिल्यानेच बजावले, "मी पाय ठेवीन तेथेच पाय ठेवा. आणि डोळ्यांनी काय न्यायचे ते न्या; हाताने काही घ्यायचे नाही."

मग दीड तास आम्ही जे पाहिले, ते विसरणे शक्य नाही. प्रत्येक डबक्यात एक स्वतंत्र संसार मांडलेला होता. एकात निळे-पिवळे इवले मासे भरतीची वाट पाहत अडकून पडलेले. दुसऱ्यात समुद्रकाकडी नावाचा काळा, लठ्ठ, निवांत प्राणी. तिसऱ्यात पाच हातांचा तारामासा. एक मोठा शिंपला खडकात रुतून बसला होता. त्याच्या उघड्या ओठांची कड मोरपिसासारखी निळी होती, आणि आमची सावली पडताच त्याने ते ओठ मिटून घेतले. धाकटी त्याला "माफ करा" म्हणाली.

प्रवाळ म्हणजे दगड, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ते अतिशय लहान प्राण्यांचे नगर आहे. हे प्राणी समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन आपल्याभोवती घर बांधतात, आणि त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्ती करून राहते. प्राण्याने शैवालास आश्रय द्यावा आणि शैवालाने सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यातील वाटा घरमालकास द्यावा, असा हा करार. प्रवाळाचा रंग बहुतांशी याच भाडेकरूचा. पाणी प्रमाणाबाहेर तापले म्हणजे हा करार मोडतो. शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते, आणि उष्मा लांबल्यास मरते. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानातील प्रवाळे अशीच मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली होती. घुमटासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाकाठी साधारण एखादा सेंटिमीटर वाढते. वाटाड्याने दाखविलेला एक घुमट आमच्या कमरेइतका उंच होता. म्हणजे आमच्या आजोबांच्या बालपणीही तो तेथे वाढत असला पाहिजे.

आता सांगावयाची गोष्ट येते. परत फिरताना वाळूच्या कडेस आम्हांस प्रवाळाचा एक तुटका तुकडा दिसला. पांढरा शुभ्र, हाताच्या बोटांसारखा फुटलेला. आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत काचेचे कपाट आहे, ते सर्व विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहेच. त्यात प्रवाळ नाही, ही उणीव आम्हांस फार दिवस टोचत होती. निघण्यापूर्वीच आम्ही सुवाच्य अक्षरात एक पट्टी लिहून ठेवली होती: 'प्रवाळ. अंदमान.' वाटाडा पुढे गेला होता. तुकडा मेलेला आहे, लहान आहे, आणि आपण तो स्वतःकरिता नव्हे तर ज्ञानाकरिता घेत आहोत, अशी तीन कारणे एका क्षणात सुचली. चांगल्या कामास कारणे शोधावी लागत नाहीत, हे त्या वेळी सुचले नाही. तुकडा आम्ही रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला. कोणी पाहिले नाही, अशी आमची समजूत होती.

रात्री जेवून सर्व मंडळी निजली. मध्यरात्रीच्या सुमारास फरशीवर टक् टक् असा आवाज होऊ लागला; मध्येच खरडल्यासारखा होई, मग थांबे, आणि पुन्हा टक् टक्. उंदीर असेल असे वाटून दिवा लावला, तो खोलीच्या मधोमध एक शंख चालत होता! लिंबाएवढा, तपकिरी पट्ट्यांचा सुंदर शंख. त्याखालून लालसर पाय आणि दोन बारीक डोळे बाहेर आलेले. आमची चाहूल लागताच सर्व काही आत गेले, आणि एका नांगीने दार लावून घ्यावे तसे तोंड बंद झाले. तो शंखात घर करून राहणारा खेकडा होता. थोरला आनंदाने ओरडलाच. धाकटी मात्र अंथरुणात उठून बसली होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक झाला होता. किनाऱ्यावर केवड्याच्या झुडपाखाली तिला तो शंख मिळाला होता. रिकामा समजून तिने तो आपल्या टोपीत लपवून आणला, आणि टोपी खाटेखाली ठेवली होती.

आम्ही शिक्षक; आमची जीभ स्वस्थ बसेना. "वाटाड्याने काय सांगितले होते? परवाच आपण काय बोललो होतो? न विचारता घेतलेल्या वस्तूला काय म्हणतात, हे तुला रविवारच्या शाळेत शिकविले नाही काय?" असे आम्ही विचारू लागलो. तिने ते सारे ऐकून घेतले, आणि मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, तुम्हीपण घेतलेत ना? रुमालात. मी पाहिले. मला वाटले, लहान असले म्हणजे चालते."

तिच्या बोलण्यात उद्धटपणा मुळीच नव्हता. ती खरोखरच नियम समजून घेत होती. वीस वर्षे आम्ही विद्यार्थ्यांना प्रश्न विचारीत आलो आहोत. परंतु उत्तर येत नसताना उभे राहणे कसे असते, ते त्या रात्री कळले. मुलांच्या आईने आमच्याकडे एकदा पाहिले, आणि रागावण्याऐवजी एवढेच विचारले, "अहो, बोट कितीला आहे?"

बोट सकाळी साडेआठास होती. थोरला कागद-पेन्सिल घेऊन बसला. एका ओहोटीपासून दुसरीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटे. दुपारची पूर्ण ओहोटी साडेतीनच्या सुमारास. तेव्हा पुढची चारच्या सुमारास. साडेचारास निघालो तर पाणी भरण्यापूर्वी आपण तेथे पोहोचू, असा त्याने हिशेब केला. तोवर खेकड्यास ओल्या फडक्यात ठेवले. धाकटी त्यानंतर निजली नाही. ती दर थोड्या वेळाने फडके उचलून, "आहे, आहे," असे पुटपुटे.

अंधारात, विजेरीच्या उजेडात, चौघेही पायी निघालो. डोक्यावर चांदणे इतके दाट, की मुले चालता चालता वर पाहून ठेचकाळत. पाऊण तासाने किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा पूर्वेस फटफटले होते. केवड्याची झुडपे सापडली. धाकटीने शंख अलगद खाली ठेवला आणि ती चार पावले मागे सरली. बराच वेळ काहीच हालले नाही. मेला की काय, या भीतीने ती आमच्याकडे पाही, आणि आम्ही वाळूकडे. अखेर नांगी बाजूस झाली, पाय बाहेर आले, आणि तो प्राणी झुडपाच्या मुळांकडे चालू लागला. तेथे आसपास लहानमोठे आणखी कित्येक शंख चालत होते. दिवसा आम्ही ज्या वाळूवरून गेलो होतो, ती सारी वस्तीची जागा होती.

पाण्याच्या कडेस कोणी मनुष्य जाळे आवरीत होता. जवळ गेलो तो आमचा वाटाड्याच. मुलांसमक्ष, त्याच्यापुढे रुमाल उलगडून आम्ही काय केले ते सांगितले. वाक्य लहान होते, पण ते पुरे करण्यास फार वेळ लागला. तो रागावला नाही, हसलाही नाही. तो म्हणाला, "मास्टरजी, घेणारा प्रत्येक जण एकच घेतो. मी हिच्याएवढा होतो तेव्हा या वाळूत चालताना शंख पायांना टोचत." मग त्याने पाण्याकडे बोट दाखविले. आम्ही गुडघाभर पाण्यात जाऊन तो तुकडा सोडला. पाणी चढू लागले होते. क्षणभर तो पांढरा दिसला, आणि मग दिसेनासा झाला.

परतल्यावर थोरल्याने ग्रंथालयातून पुस्तके काढून जी माहिती मिळविली, ती येथे देण्यासारखी आहे. या खेकड्याचे पोट मऊ व उघडे असते. स्वतःचे कवच त्यास तेथे नसते. म्हणून गोगलगाईच्या जातीच्या प्राण्यांनी मागे ठेवलेल्या शंखात तो शिरतो. अंग वाढले की घर अपुरे पडते, व त्यास मोठा शंख शोधावा लागतो. पुष्कळदा असे काही खेकडे आकाराप्रमाणे रांगेने उभे राहतात. मोठा नव्या घरात गेला, की त्याचे जुने घर पुढचा घेतो, त्याचे त्यामागचा, अशी सर्वांची सोय एका शंखाने होते. तो एक शंख कोणी खिशात घातला, तर सारी रांग बेघर राहते. मेलेले प्रवाळही निरुपयोगी नसते. त्याची वाळू होते, आणि त्याच्या कठीण भागावर नव्या प्रवाळाची पिल्ले बस्तान बसवितात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या संरक्षणात २००१ साली प्रवाळे व काही जातींचे शंख-शिंपले घालण्यात आले, ते याच कारणाने. ज्ञानाकरिता म्हणून आम्ही जे उचलले होते, त्याविषयीचे हे ज्ञान आम्हांस ते परत ठेवल्यावर झाले.

परतीच्या दिवशी विमानतळावर सामानाची तपासणी चालली असता आमच्या पुढील एका गृहस्थांच्या पिशवीतून प्रवाळाचा तुकडा निघाला. त्यांची दोन मुले बाजूस उभी होती. ते गृहस्थ अधिकाऱ्यांस हळू आवाजात काही समजावून सांगत होते. बहुधा तीन कारणे असावीत. आम्ही मान खाली घातली. धाकटीने आमचा हात धरला. तुरुंगात धरला होता तसा भीतीने नव्हे, निराळ्याच रीतीने.

विद्यार्थी-मित्रहो, आणि विशेषेकरून पालकहो, आम्ही मुलांना सृष्टी दाखविण्यास गेलो होतो. डोंगर, समुद्र, मासे हे सर्व मुलांनी पाहिले. परंतु त्या सर्वांहून बारकाईने त्यांनी आम्हांस पाहिले. आपण पाठ देत नसतो त्या वेळीही पाठ चालूच असतो, एवढे आम्ही त्या बेटावरून घेऊन आलो. ते आणण्यास मनाई नव्हती.

विज्ञानाच्या खोलीतील कपाटात आमची पट्टी अजून आहे. तिजवरील एक शब्द खोडून धाकटीने आपल्या हाताने दुसरा लिहिला आहे, आणि मागे रंगीत खडूने काढलेले एक चित्र उभे केले आहे: केवड्याचे झुडूप, आणि त्याकडे चाललेला तपकिरी पट्ट्यांचा शंख. पाय दहाऐवजी अकरा झाले आहेत, हे आमच्या लक्षात आले होते. दुरुस्त करावयास आम्ही सांगितले नाही.